केवड्याचं पान आणि तडकलेली गिटार

ज्या गावात झाडांपेक्षा लाकडालाच जास्त फळं लागतात, अशा एका गावाची ही गोष्ट. खोटं वाटतंय? वाटू दे. तिथल्या चितारआळीत केशरी आंबे, पिवळीधमक केळी, लालचुटूक काजू आणि मुठीएवढे हिरवेगार फणस चक्रावर कातून, लाखेने रंगवून उन्हात मांडून ठेवलेले असत. नवा पाहुणा आला की एकदा तरी आंब्याला दात लावायचा आणि मग कपाळाला हात लावायचा. आळीतली मुलं तेवढ्यासाठीच टपून बसलेली असत.

गावाची दुसरी खोड म्हणजे दुपारची झोप. एक वाजला की दुकानांच्या फळ्या लागत, कुत्री ओट्याखाली शिरत, आणि चार वाजेपर्यंत गावात पान हलत नसे. "दुपारी आमच्याकडे चोरसुद्धा निजता," असं लोक मोठ्या अभिमानाने सांगत.

आणि अशा या झोपाळू गावात एकाच बाईच्या डोळ्याला डोळा लागत नव्हता. ती म्हणजे आपल्या बकुळाची आई.

बकुळा होती नऊ वर्षांची. दोन वेण्या, त्यांना दोन वेगळ्या रंगांच्या रिबिनी, कारण जोडीतली एकेक हरवलेली. तिचे बाबा आळीतले नावाजलेले कातारी. ते डावखुरे होते. डाव्या हातात पटाशी धरून ते चक्र फिरवायला बसले की घुर्रऽऽ घुर्रऽऽ असा आवाज घरभर भरायचा, आणि त्या आवाजात आई माजघरात गाढ झोपायची. मग एका पावसाळ्यात बाबा तापाने गेले. चक्र दुसऱ्या गावच्या काताऱ्याने नेलं. घर चिडीचूप झालं आणि आईची झोप उडाली ती उडालीच.

वैद्यांनी काढे दिले. शेजारणींनी उशाखाली जायफळ ठेवलं. कशाचा उपयोग झाला नाही. दोन वर्षं झाली, आईचे डोळे डाळिंबाच्या दाण्यासारखे लाल. ती दुसऱ्यांच्या लाकडी पोपटांचे डोळे रंगवून द्यायची, पण हात थरथरायचा आणि पोपट तिरळे व्हायचे. तिरळा पोपट कोण घेणार? काम कमी होत गेलं, घरात सकाळी पेज आणि रात्रीही पेज. पण बकुळाला पेजेचं काही वाटत नव्हतं. आई दिवसेंदिवस वाळत चाललेली मात्र तिला बघवत नसे.

आणि एके दिवशी काय झालं माहितेय? जत्रेत आई पोपट मांडून बसली होती. शेजारच्या पिंपळाच्या पारावर कुणी परगावचा पाहुणा येऊन बसला, मांडीवर गिटार घेतली आणि सावकाश वाजवू लागला. बकुळाने सहज वळून पाहिलं तर आईची मान पुढे कललेली! तोंड किंचित उघडं! आई झोपली होती! बकुळा जागच्या जागी थिजली. श्वाससुद्धा तिने हळूच घेतला. पाहुण्याने गाणं संपवलं, गिटार पाठीला लावली, तो एसटीत बसून गेला, आणि आई दचकून जागी झाली.

बकुळाने तिथेच ठरवलं. आपल्या घरात गिटार आणायची.

आता गिटार काय काजूच्या झाडावर लागते? पण मंगळवारच्या बाजारात बाबलशेट बसायचा, जुन्या-पान्या वस्तूंचा व्यापारी. त्याच्या ढिगात बकुळाला मधाच्या रंगाची एक गिटार दिसली. पोटावर शिंपल्याची नक्षी चकाकत होती. गळ्याभोवती मात्र एक लाल फडकं घट्ट गुंडाळलेलं होतं.

"चेडवा, हात लावू नको. वस्तू नाजूक आसा," बाबलशेट म्हणाला.

"तिच्या गळ्याक ह्यो फडको कित्याक बांधलात?" बकुळाने विचारलं.

"थंडी वाजता तिका! गोड गळ्याची वस्तू ती. गळो बसलो तर मगे?"

बकुळाला ते पटलं. तुम्ही हसाल, पण आईलाही ती थंडीत गळ्याभोवती फडकं बांधायची, मग गिटारीला का नको? बाबलशेटने बदल्यात काय देशील विचारलं. बकुळाने घरी धाव घेतली आणि बाबांनी शेवटची केलेली पाच फळं टोपलीतून आणली. आंबा, केळं, काजू, फणस आणि सीताफळ. बाबांच्या हातचं तेवढंच उरलं होतं. टोपली पुढे सरकवताना तिने आंब्यावरून एकदा बोट फिरवलं. पण बाबा असते तर त्यांनीही आईसाठी दिलीच असती, असं म्हणून तिने हात सोडला.

घरी येऊन तिने अलगद फडकं सोडलं, आणि तिच्या छातीत धस्स झालं.

गिटारीच्या गळ्यावर काळ्या शिसवीची लांब पट्टी असते. तिच्यावर पितळेचे बारीक आडवे पडदे बसवलेले असतात, त्यांच्यामध्ये बोट दाबलं की सूर निघतो. ती पट्टी मधोमध तडकली होती! तडा एवढा की नख आत जावं. पडदे सैल झाले होते. बकुळाने तार छेडली तर खर्रर्र असा आवाज आला, कुणीतरी पत्रा ओढत नेल्यासारखा. तिचं तोंड उघडंच राहिलं.

आईने येऊन पाहिलं. रिकामी टोपली पाहिली. ती रागावली नाही, आणि बकुळाला त्याचंच जास्त रडू आलं.

"फसवल्यान गो तुका," आई एवढंच म्हणाली आणि तिने बकुळाच्या डोक्यावरून हात फिरवला. "माझ्या झोपेची काळजी तू करू नको. तू जेव नि नीज."

पण बकुळा काताऱ्याची मुलगी. मोडलं की रडायचं तेवढं रडायचं आणि मग जोडायला बसायचं, हे तिने जन्मल्यापासून पाहिलं होतं. बाबांच्या पेटीत लाखेच्या रंगीत कांड्या होत्या. तडा लाखेने भरू, असं तिने ठरवलं. फक्त लाखेला चकाकी आणायला केवड्याचं पान हवं होतं. आळीत सगळे त्यानेच लाख घोटतात.

केवड्याचं बन ओढ्याच्या वळणावर होतं. गौरी-गणपती नुकतेच होऊन गेले होते, हवेत सोनेरी ऊन होतं आणि बनाचा वास दोन शेतं आधीपासून येत होता. केवडा म्हणजे सुगंधी खरा, पण पानाला तिन्ही बाजूंनी काटे, आणि आत साप असतात असं सगळेच म्हणतात. म्हणून काताऱ्यांची एक रीत आहे. कोयतीच्या दांड्याने खोडावर तीनदा टकटक करायचं आणि म्हणायचं, "पान नेतंय, परत आणून देतलंय." एका खेपेला एकच पान न्यायचं. आणि काम झालं की झिजलेलं पान खरंच परत आणून बुंध्याशी ठेवायचं. हल्ली कुणी ठेवत नाही. बकुळाचे बाबा मात्र प्रत्येक पान परत आणून द्यायचे.

बकुळाने टकटक केलं.

"हळू गं! डोकं फुटेल माझं!" आतून आवाज आला.

बकुळाच्या हातून कोयती गळून पडली. साप बोलतो की काय! ती पळणार होती, पण आवाज इतका इवलासा आणि इतका रडवेला होता की तिचे पाय हलेनात. तिने वाकून पाहिलं. पानांच्या पोटात बोटाएवढी एक परी अडकली होती. केवड्याच्या कणसासारखी फिकट पिवळी साडी, कपाळावर मोहरीएवढी चमचमती टिकली, आणि पाठीवरचे दोन्ही रुपेरी पंख काट्यांत गुंतलेले.

"कोयती मारू नकोस हं," परी म्हणाली. ती शाळेतल्या बाईंसारखं शुद्ध बोलायची. "कणीस तुटलं तर माझं घरच तुटेल."

बकुळाने मग पडलेली कोयती पायाने बाजूला सारली आणि हात आत घातला. काटे असे लागले की डोळ्यांत पाणी आलं. एकेक काटा बाजूला करत, पंखाला जराही धक्का न लावता तिने परीला बाहेर काढलं, तेव्हा तिचा हात मनगटापर्यंत ओरखडला होता. परी तिच्या तळहातावर बसली, पंख झटकले आणि सोन्यासारखे परागकण सगळीकडे उडाले.

"तीन वर माग," परी म्हणाली. "पण नियम ऐक. जे काम हातांनी होतं, ते माझ्याकडून करून मागायचं नाही. दिलेलं परत करायचं तर दुसरा वर खर्चून करायचं. आणि तिसरा नियम, माझ्या झोळीत नवं काही नसतं. एकीकडचं उचलून दुसरीकडे ठेवणं, एवढंच मला येतं."

बकुळाने मान डोलावली. तिसरा नियम तिच्या कानांनी ऐकला, डोक्यापर्यंत काही तो गेला नाही. वर मिळणार म्हटल्यावर तुमचं-माझंही असंच झालं असतं.

"माझी गिटार जोडून दी!" ती म्हणाली.

"ते हातांनी होतं. पहिलाच नियम!"

बकुळाने एक क्षणसुद्धा घेतला नाही. "मगे माझ्या आयेक झोप लागांदे."

परीने पापण्या मिटल्या, पिवळ्या पदराची झोळी हवेत फिरवली, आणि रुणझुण रुणझुण असा बारीक आवाज झाला. बकुळा उड्या मारत घरी पळाली. आई रंगाच्या वाटीशेजारीच आडवी झाली होती. कुंचला हातात होता. श्वास संथ चालला होता आणि कपाळावरच्या आठ्या एकेक करून उलगडत होत्या. बकुळाने तिच्यावर चादर घातली आणि आनंदाने स्वतःच्याच हाताला चिमटा काढला.

दुसऱ्या दिवशी दुपारचे दोन वाजले, आणि बकुळाने ओट्यावरून जे पाहिलं त्याने ती उडालीच.

सगळा बाजार उघडा होता! भर दुपारी! न्हावी कात्री घेऊन दारात उभा, वाणी तराजूत डोकं टेकून बसलेला, कुत्री ओट्याखालून बाहेर येऊन एकमेकांकडे बघत असलेली. कुणालाच झोप येत नव्हती. रात्रीही आली नव्हती. बकुळालाही नाही, पण तिला वाटलं होतं की ते आनंदानेच. दूधवाल्याने चहाच्या पातेल्यात दूध ओतायचं ते नळाखालच्या बादलीत ओतलं. मास्तरांनी एकाच पाढ्याला तीनदा सुरुवात केली. बाबलशेट ढिगावर बसून टक्क डोळ्यांनी समोर बघत होता. झोप न आलेल्या माणसाला जुनं-पानं सगळं आठवतं, आणि बाबलशेटला आठवण्यासारखं पुष्कळ होतं.

तिसऱ्या दिवशी शेजारची गुणीकाकी बकुळाच्या दारात आली. कडेवर तिचं चार महिन्यांचं बाळ होतं.

"डोळ्याक डोळो लागूक नाय गो तीन दिवस," काकी म्हणाली. तिचे केस पिंजारलेले होते. "माझा जावंदे. पण ह्यां बघ. रडान रडान आवाज गेलो ह्याचो."

बाळाचं तोंड उघडं होतं, गाल ओले होते, पण आवाज येत नव्हता. नुसता श्वास. बकुळा ते बघतच राहिली. आणि परीचा तिसरा नियम आता, तीन दिवसांनी, धाडकन तिच्या डोक्यात शिरला. आईची झोप कुठून आली होती ते तिला कळलं.

ती घरात गेली. आई झोपली होती, अजून झोपलीच होती. दोन वर्षांत पहिल्यांदा तिच्या गालावर जरा लाली आली होती. बकुळा तिच्याजवळ बसली. कुणाला काही ठाऊक नव्हतं. कुणी विचारणारही नव्हतं. गप्प बसायचं, एवढंच करायचं होतं.

बाहेरून गुणीकाकीचं "जो जो" ऐकू येत होतं, थकलेलं, तुटक.

बकुळाने आईच्या हातातला कुंचला हळूच काढून ठेवला, तिच्या गालाला गाल लावला आणि ती उठून धावत सुटली ती थेट बनापाशी. टकटक करायला तिला दमच नव्हता, पण तिने केलं.

"दोन वर्षांची झोप काय एका घरात मिळते?" परी पानावर बसून म्हणाली. तिचा चेहरा ओशाळलेला होता. "सगळ्या गावातून गोळा करावी लागली मला. तुला सांगितलं होतं, बकुळा."

"सगळ्यांची झोप सगळ्यांका परत मिळांदे," बकुळा म्हणाली आणि ओक्साबोक्शी रडायला लागली.

झोळी उलटी फिरली. गावावरून एक मोठी, लांबलचक जांभई गेली. न्हावी खुर्चीत, वाणी पोत्यावर, गुणीकाकी उंबऱ्यावर आणि तिच्या मांडीवर बाळ, सगळे जिथल्या तिथे झोपले. आणि घरी बकुळाची आई डोळे चोळत उठून बसली. डोळे पुन्हा लाल.

"खंय गेल्लंस गो?" तिने विचारलं. "माका वाटला, माझो डोळो लागललो."

बकुळाने तिच्या पाठीवरची चादर सारखी केली. तिने रात्री पेज केली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी ती बनातून एक पान घेऊन गिटारीपुढे बसली.

आता ऐका, तिने काय केलं ते. चितारआळीत एक म्हण आहे, उघडं लाकूड नि उघडं मूल कुणी अंगणात ठेवू नये. लाकूड दिसलं की रंगवायचं, लाख चढवायची, घोटायचं. बकुळाने निखाऱ्यावर लाखेची लाल कांडी ऊन केली आणि तडा भरला. मग तिला वाटलं, तडाच का? सगळी पट्टीच रंगवू. लाल, पिवळी, हिरवी, मधूनमधून ठिपके! तारा जराशा उचलून तिने थरावर थर दिले, पानाने घोटघोट घोटलं. पट्टी अशी झाली की आरशात बघायला नको. मोठ्या आनंदाने तिने तार छेडली.

ठप्प.

पुन्हा छेडली. ठप्प. पडदे लाखेखाली गडप झाले होते, आणि थर इतका जाड की तारा त्याच्यावर टेकून बसल्या होत्या. आधी गिटार खरखरत तरी होती. आता ती पार मुकी झाली! आळीतल्या कुणीही हीच चूक केली असती. पण बकुळाला तेव्हा हे सांगून काय उपयोग? ती भिंतीला टेकून नुसती बघत राहिली. तिला रडूही येईना.

तेवढ्यात खिडकीच्या गजावर टिकली चमकली. परी थक्क झाली होती. "अरेरे," ती म्हणाली, "किती सुंदर आणि किती वाईट! एक वर उरलाय, बकुळा. जोडून मागता येत नाही, पण दुसरी मागता येते. नवी कोरी गिटार मागून घे."

"ती खंयसून येतली?"

परी पंखाशी चाळा करू लागली. "कुठल्या तरी गावातून. तिथे ही तुझी जाईल. तुला दिसणारसुद्धा नाही."

बकुळाला ते लाल फडकं आठवलं. ते सोडल्यावर छातीत झालेलं धस्स आठवलं. कुठल्या तरी गावात कुणी तरी सकाळी उठेल आणि आपल्या गिटारीकडे बघेल, आणि त्याचंही तोंड असंच उघडं राहील. त्याचीही आई जागी असली तर? तिने मान हलवली. मग आपला ओरखडलेला हात तिने उलटसुलट करून पाहिला.

"माका नवी गिटार नको," ती शेवटी म्हणाली. "ही कशी दुरुस्त करूची, ता माका शिकव."

परीने झोळीत हात घातला, आत डोकं घालून पाहिलं, पुन्हा बाहेर आली. शिकवायचं तर कुणाकडचं काय उचलायचं? शिकवणाऱ्याकडचं तर काहीच कमी होत नव्हतं! परीचे डोळे एवढे मोठे झाले की तिची टिकली निसटून गजावर पडली.

"अगो बाय माझे!" परी ओरडली. तिचं शुद्ध बोलणं पार उडालं. "इतकी वर्षां वर देतंय, पण ह्यां कोणी मागूक नाय! कोणाचा काय न घेता दिवचा कसा, ता माकाच ठाऊक नव्हता!"

मग ती जरा सावरली. "पण मला कुठे येतंय कातारकाम? थांब. तुझे बाबा बारा वर्षं पान न्यायचे आणि परत आणून द्यायचे. त्यांच्या हातांनी जे जे केलं ते त्या पानांनी पाहिलंय, आणि ती पानं बनाच्या मातीत गेली आहेत. बनाला सगळं येतं." तिने झोळीतून एक ताजं, लांब, काटे काढलेलं पान ओढलं आणि बकुळाच्या उजव्या हातात दिलं.

पान कोमट होतं. बकुळाने ते धरलं, आणि ते तिच्या बोटांतून सुळकन निसटून तिच्या डाव्या हातात जाऊन बसलं.

बकुळाने पुन्हा उजव्या हातात घेतलं. पान पुन्हा डावीकडे गेलं.

ती अंगभर शहारली. "बाबा?" ती कुजबुजली. पान बोललं नाही. पानं बोलत नाहीत. पण त्याने तिचा डावा हात धरला आणि कामाला लावला.

तारा सोडवल्या. लाख ऊन करून, बोथट सुरीने हळूहळू खरवडून काढली. बकुळा घाई करायला लागली की पान हाताला मागे ओढायचं. पेटीत शिसवीचा एक तुकडा होता, तो घासून त्याची काळी भुकटी केली, सरसात कालवली आणि तड्यात दाबून दाबून भरली. मग सुतळीने गळा गच्च आवळून बांधला आणि चार दिवस त्याला हात लावायचा नाही. पाचव्या दिवशी सुतळी सोडली, पडदे लाकडी हातोडीने टुकटुक ठोकून बसवले, पानाने पट्टी घोटली. घोटून झाल्यावर बकुळाचा हात सवयीने लाखेच्या कांडीकडे गेला, तर पानाने फटका मारला! चांगलाच लागला. तेव्हा बकुळाला कळलं की या लाकडाला उघडंच राहायचंय. पट्टी काळीभोर, गुळगुळीत झाली होती. तडा कुठे होता ते नखालासुद्धा सापडत नव्हतं.

दुपारचा दीड वाजला होता. गाव झोपलं होतं. आई माजघरात भिंतीला टेकून, लाल डोळ्यांनी एका पोपटाकडे बघत बसली होती. बकुळाने तारा चढवल्या आणि मग तिच्या लक्षात आलं की आपल्याला तर एकही गाणं येत नाही! एवढं सगळं केलं आणि हेच शिकायचं राहिलं! तिने घाबरून खिडकीच्या गजावर येऊन बसलेल्या परीकडे पाहिलं. परी गालात हसत होती.

बकुळाने सगळ्यात जाड तार अंगठ्याने हलकेच छेडली.

घुर्रऽऽऽ.

तिचा हात जागीच थांबला. हा आवाज तिला ठाऊक होता. घराच्या भिंतींना ठाऊक होता. तिने पुन्हा तार छेडली, मग पुन्हा, सावकाश, चक्र फिरतं तशी. घुर्रऽऽ घुर्रऽऽ. बाबांचं चक्र घरात फिरू लागलं.

माजघरात आईचं डोकं अलगद बाजूला कललं. हातातला पोपट मांडीवर घरंगळला. डोळे मिटत मिटत ती म्हणाली, अगदी पूर्वीच्या आवाजात, "आज बेगीन आटपा हां. जेवाण थंड होतलां."

आणि ती झोपली. ही झोप कुणाकडून आणलेली नव्हती. ती तिची स्वतःची होती, कुठे तरी वाट बघत बसलेली.

बकुळाच्या गालांवरून पाणी ओघळत होतं, पण अंगठा थांबत नव्हता. खिडकीतून उन्हाची एक तिरीप आत आली आणि परी तिच्यात उभी राहिली. साडी उजळली, पंख उजळले, परागकण झुळझुळत वर चढू लागले. "वर संपले, बकुळा," ती म्हणाली, "आता हात आहेत." मग सगळं घर एकदम सोनेरी झालं, बकुळाला डोळे मिटावे लागले, आणि उघडले तेव्हा गजावर फक्त केवड्याचा वास होता.

चार वाजता फळ्या उघडल्याचे खडखड आवाज आले. आई उठली, तिने आळस दिला, कुंचला घेतला आणि पोपटाचा डोळा रंगवला. सरळ! पोपटाने समोर पाहिलं. त्या दिवसापासून त्या घरातले सगळे पोपट सरळ बघू लागले, आणि पेजेच्या जोडीला आधी मासळी आणि मग गोडधोडही आलं. ओट्यावर एका सकाळी बाबांच्या पाच फळांची टोपली कुणी तरी गुपचूप ठेवून गेलं. आंब्यावर दातांच्या खुणा होत्या, मधला एक दात नसलेल्या. बाबलशेटला मधला एक दात नाही, हे आळीत सगळ्यांना ठाऊक आहे.

बकुळा झिजलेलं पान घेऊन बनात गेली. तिने ते बुंध्याशी ठेवलं, खोडावर तीनदा टकटक केलं आणि म्हणाली, "पान परत हाडलंय." मग तिथेच उभी राहिली, कारण जावंसं वाटेना.

आणि आतून, डाव्या बाजूच्या खोडातून, कुणी तरी हळूच तीनदा टकटक केलं.

केवड्याचं पान केवड्याला, आईची झोप आईला, आणि गोष्ट ज्याने ऐकली त्याला.